कुंदाताईंची न मोजलेली मतं

कुंदाताई चौगुले माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या पँटच्या टोकाकडे. मी या गावातल्या गिअरच्या कारखान्यात नुकता लागलो होतो. पुण्याहून आणलेला एकुलता एक सूट घालून, माझ्याच खात्यात काम करणाऱ्या चौगुल्यांबरोबर त्यांच्या घरी जेवायला गेलो. कुंदाताईंनी दार उघडलं, मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "ही पँट तुमची नव्हे. थोरल्या भावाची दिसते." ती खरंच भावाची होती. पानं वाढेपर्यंत त्यांनी ती दोन बोटं वर घेतली, शिलाई मारली, इस्त्री केली. मी चौगुल्यांची लुंगी नेसून वरणभात जेवलो. परदेशात आपल्याला कुणीतरी आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आमचं गाव जर्मनीत, ब्योब्लिंगेनपासून एस-बानने, म्हणजे लोकलने, अर्ध्या तासावर, नदीकाठी. कारखाना जोरात होता तेव्हा त्याच्या करावर गावाने सगळं उभं केलं. वाचनालय झालं, संगीतशाळा झाली आणि गावाचा अभिमान म्हणजे पोहण्याचा बंदिस्त तलाव, हॅलनबाड. मग विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांना आमच्यासारखे गिअर लागत नाहीत. आधी एक पाळी बंद झाली, मग एक शेड, आणि मी निवृत्त झालो त्या सुमाराला अर्ध्या कारखान्याला कुलूप लागलं. बाजाररस्त्यावर आधी चपलांचं दुकान गेलं, मग घड्याळवाला, मग बँकेची शाखा.

त्या रस्त्यावर कुंदाताईंचं कपडे दुरुस्तीचं दुकान मात्र चालत राहिलं. चौगुले गेल्यानंतर त्या पूर्ण वेळ तिथेच असत. म्हणत, "नवं परवडेनासं झालं की लोक जुनं दुरुस्तीला आणतात. गाव बुडतंय आणि माझा धंदा वर येतोय, दामले. मला लाज वाटते हो." त्या मूळच्या इचलकरंजीच्या. घरचे यंत्रमाग थांबलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. "माग बंद पडला की माणूस पैशाने मरत नाही लगेच," त्या सांगत, "आधी गप्प होतो. संध्याकाळी चौकात यायचा बंद होतो. इथं तसंच चाललंय. जर्मन बोलतात, एवढाच फरक."

राजकारणात त्या आल्या त्या एका कोटामुळे. आमचे बर्गरमायस्टर, म्हणजे नगराध्यक्ष, आपला कोट घेऊन दुकानात आले. हॅलनबाड बंद करायचा विचार आहे, अशी बातमी त्याच आठवड्यात आली होती. ताईंनी कोट उलटा केला. "अस्तर पार गेलंय. बाहेरून दिसत नाही म्हणून घालत राहिलात. गावाचंही तेच करताय." ते हसून म्हणाले, "आल्झो, फ्राऊ चौगुले, मग या राटहाउसमध्ये आणि शिवा." राटहाउस म्हणजे नगरपालिका. त्यांना वाटलं, विनोद झाला. पुढच्या निवडणुकीत ताई गावातल्या लोकांनी केलेल्या, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या एका यादीवर उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. कोट तोपर्यंत त्यांनी शिवून दिला होता.

मी प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून नगरपालिकेच्या कित्येक सभा ऐकल्या. त्यांची जर्मन अस्सल श्वेबिश, म्हणजे इथल्या बोलीतली होती, पण हेल इचलकरंजीचा. एकदा एक सदस्य म्हणाले, "पोहण्याचा तलाव ही चैन आहे. आपल्याला परवडत नाही." ताई उठल्या. "नदीकाठच्या गावात पोहता न येणारी पोरं वाढवणं ही चैन आहे. ती आपल्याला परवडते का?" सभागृहात टाळी वाजवत नाहीत, टेबलावर बोटांची पेरं ठोकतात. त्या दिवशी पलीकडच्या बाकांवरूनही ठकठक झाली. ताई स्वतः पन्नाशी उलटल्यावर त्या तलावात पोहायला शिकल्या होत्या, पहिलीच्या पोरांबरोबर, स्वतः शिवलेला घोट्यापर्यंतचा पोशाख घालून. त्यांच्या मागोमाग आपल्याकडच्या कितीतरी तरुण बायका पाण्यात उतरल्या. त्यांच्या शब्दाखातर तलाव दर वर्षी थोडक्यात वाचत गेला.

दोन मुदती झाल्या आणि तिसरी निवडणूक आली. या वेळी एक नवी गोष्ट होती. पुण्या-मुंबईहून आलेली आपली बरीच घरं आता जर्मन नागरिक झाली होती आणि पहिल्यांदाच मत देणार होती. आमच्याकडे मतपत्रिका आधीच टपालाने घरी येतात. लोक त्या निवांत भरतात आणि मतदानाला नेऊन टाकतात. पद्धत जरा निराळी आहे. सभेत बावीस जागा, म्हणून प्रत्येक मतदाराला बावीस मतं. आवडत्या उमेदवाराला एकाऐवजी तीन मतं देता येतात आणि दुसऱ्या यादीतली नावंसुद्धा हाताने लिहून घेता येतात.

हे सगळ्यांना समजावायला मी घरी बैठक बोलावली. एक पांढरा फळा, तीन रंगांची पेनं आणि समोर वीसेक माणसं. निवृत्त इंजिनिअरला याहून काय हवं?

"कुंदाताईंच्या नावापुढे तीन लिहा," मी सांगितलं. "एक नाही, दोन नाही, तीन."

केतकी म्हणून आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी आहे, दोन लहान लेकरांची आई. तिने विचारलं, "काका, फक्त कुंदामावशींनाच द्यायची? यादीत आमच्या मुलांची डॉक्टर पण आहे. परवा तिच्याकडे लस टोचायला जायचंय!"

हशा झाला. मी म्हणालो, "द्या की. तिलाही तीन द्या."

"आणि आमची घरमालकीण?" कुणीतरी मागून म्हणालं. "ती तर जिन्यात गाठून विचारेल."

"तिलाही द्या. मतं देताना कंजूषपणा कशाला?"

माझी बायको हेमा पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बरोबर आहे. हळदीकुंकवाला बोलवायचं आणि एकीला वगळायचं, असं आपल्यात चालतं का?"

सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. एकूण मतं बावीसच्या वर गेली तर अख्खी पत्रिका बाद होते, हे मला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की सांगायचं सुचलंच नाही. पत्रिकेवर वरती छापलेलं असतं. पण सांगणारा काका समोर उभा असताना छापलेलं कोण वाचतो?

निवडणुकीनंतरच्या सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत मतमोजणी होती. मी तिथे स्वयंसेवक होतो. दुपारी माझ्या टेबलावर एक पत्रिका आली. कुंदाताईंना तीन. बालरोगतज्ज्ञ बाईंना तीन. बेकरीवाल्याला तीन, शाळेच्या मुख्याध्यापिकेला तीन, पोहायला शिकवणाऱ्या बाईंना तीन, अग्निशमन दलाच्या प्रमुखाला तीन, खाली हाताने लिहिलेली आणखी दोन नावं आणि त्यांनाही तीन-तीन. बेरीज चोवीस. अक्षर कुणाचं ते मला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. ज्या ज्या माणसाशी आपल्या घरांचं रोजचं येणं-जाणं आहे, त्या सगळ्यांची नावं तिथे होती. कुणाला वाईट वाटू नये म्हणून कुणालाच वगळलं नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "उनग्युल्टिष, नाही का?" म्हणजे बाद. मी म्हणालो, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. आणि पत्रिका बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली. मग दुसरी आली, मग आणखी; बैठकीला माणसं होती तितक्याच, वीसेक. प्रत्येक वेळी 'गेनाऊ' मीच म्हणालो.

कुंदाताईंच्या यादीला पूर्वीइतक्याच जागा मिळाल्या. पण ताई आपल्याच यादीतल्या एका तरुण वकिलाच्या मागे पडल्या, अगदी थोडक्या मतांनी. आमच्या घरांची मतं मोजली गेली असती तर त्या आरामात वर राहिल्या असत्या.

आठवड्याने त्या आमच्याकडे आल्या. चपला काढता काढताच म्हणाल्या, "दुकानात एक म्हातारा येऊन सांगून गेला. म्हणे, तुमच्याच लोकांनी तुम्हाला मतं दिली नाहीत. दामले, तुम्ही मोजायला होतात. खरं सांगा, आपली माणसं गेलीच नाहीत ना?"

मोजणीतलं बाहेर बोलायचं नसतं, असा नियम आहे. मी त्या नियमाच्या आड लपलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी म्हणालो, "हल्लीच्या मुलांना वेळ कुठे असतो, ताई? नोकऱ्या, लेकरं..."

त्यांनी मान हलवली. "हं. असू दे. त्यांचाही संसार आहे." चहा न घेता गेल्या. हेमा स्वयंपाकघरातून ऐकत होती. त्यांच्या मागे दार लागल्यावर ती म्हणाली, "तुम्ही असं का बोललात?" मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

कुंदाताई हरल्या म्हणून गप्प बसल्या असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. सभेच्या सुरुवातीला नागरिकांना प्रश्न विचारायला वेळ असतो. ताई दर महिन्याला प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि पहिला हात त्यांचा वर जायचा. एकदा बर्गरमायस्टर वैतागून म्हणाले, "फ्राऊ चौगुले, आज तलाव सोडून दुसरं काही?" ताई म्हणाल्या, "हो, आहे की. तलावाचं छत." दुकानात दुरुस्त केलेला कपडा परत देताना त्या गिऱ्हाइकापुढे सह्यांचा कागद सरकवत. शेवटी शेजारच्या दोन गावांना खर्चात घेऊन तलाव शाळांसाठी चालू ठेवायचं ठरलं. गावाच्या पत्रकात बर्गरमायस्टरांच्या दूरदृष्टीचं कौतुक आलं, ताईंचं नाव कुठे नव्हतं. मी चिडलो. त्या म्हणाल्या, "कॉलरला लेबल कुणाचंही असू दे. अंगाला बसलं ना?" पण लिहायला घेतलंच आहे तर हेही नोंदवतो: तो तलाव कुंदाताईंनी वाचवला.

एवढा मोठा जीव असलेली बाई, पण आपल्या माणसांपासून मात्र ती तुटली. गणपतीला आल्या नाहीत. दिवाळीच्या फराळाला आल्या नाहीत. बोलवायला गेलं की म्हणत, "काम आहे." केतकी मला एकदा म्हणाली, "काका, मावशी आमच्यावर का रागावल्यात? नगरसेवक होत्या तेव्हा बऱ्या बोलायच्या." दोन्ही बाजूंना काय वाटतंय ते मला एकट्याला माहीत होतं आणि मी दोन्ही बाजूंना गप्प होतो. असं दोन वर्षं चाललं.

मग त्यांचे गुडघे थकले. मुलगी लांब उत्तरेत, ब्राउनश्वाइगला असते, तिने तिकडे यायचा आग्रह धरला. दुकान आवरायचं ठरलं तेव्हा मी गेलो. मुलगी खोकी बांधत होती. ताई शिलाई मशीनवर चादर गुंडाळत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फळा, पोहे, तीन-तीन मतं, व्यायामशाळा, आणि शेवटी मी त्यांच्याशी काय खोटं बोललो ते.

ताई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "कुणी कुणी दिली होती?"

"बाद गठ्ठा बघितलाय म्हणून सांगतो, ताई. सगळ्यांनी."

"केतकीने?"

"नाव कसं सांगू? पण बालरोगतज्ज्ञ बाईंना वगळलेली एकही पत्रिका नव्हती."

त्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले, आणि मग मान वर केली तेव्हा हसू पुरतं गेलं होतं. "मत गेलं त्याचं मला काही नाही, दामले. निवडणूक आहे, हरतो माणूस. पण तुम्ही मला दोन वर्षं माझ्याच लेकीबाळींवर रुसवून ठेवलंत. त्या पोरी दाराशी यायच्या आणि मी मशीन जोरात चालवायची, ऐकू येऊ नये म्हणून."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी फोन उचलला. "केतकी? अगं, घरी आहेस का? येते मी. काही करू नकोस, चहा टाक नुसता."

मुलगी जर्मनमध्ये म्हणाली की गाडीवाला तासाभरात येतोय. ताई मराठीत म्हणाल्या, "थांबेल तो. त्याला चहा दे." मी कोट चढवायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही नका येऊ."

त्या संध्याकाळी त्या आपल्या प्रत्येक घरी जाऊन आल्या. काठी टेकत जिने चढल्या, पोरांना मांडीवर घेतलं, नको नको म्हणत सगळीकडे चहा प्यायल्या. हे मला नंतर केतकीने सांगितलं. ती म्हणाली, "मावशी निरोप घ्यायला आल्या होत्या. किती छान बोलल्या! राग कशाचा होता, ते काही सांगितलं नाही." कुंदाताईंनी एकाही घरात माझं नाव काढलं नव्हतं.

त्यांनी काढलं नाही, म्हणून मी काढतो. केतकी आणि बाकीच्या सगळ्यांनी हे वाचावं. त्या निवडणुकीत आपलं एकही घर मागे राहिलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी कुंदाताईंना मत दिलंत, एक नव्हे, तीन-तीन. ती मोजली गेली नाहीत, ती माझ्यामुळे. आणि तुम्ही ती दिलीच नाहीत असं त्यांना सांगणारा माणूसही मीच, वसंत दामले.