शालनच्या मोटारी

माझी बायको आज सकाळी गेली आणि मला घरात थांबवत नाहीये.

दुपारी तिला पोचवून आलो. तेव्हापासून हॉल, गच्ची, परत हॉल. मुली म्हणतात, पप्पा, जरा टेका. टेकवत नाही.

धाकटी म्हणाली, मग आईबद्दल लिहा तरी. म्हणून उभ्यानंच टाईप करतोय. चुका सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी बरेच जण शालनला 'मोटारवाल्या काकू' म्हणून ओळखता. जुन्या जमान्यातल्या त्या छोट्या छोट्या मोटारी तुम्ही आमच्या कपाटात पाहिल्या आहेत. प्लास्टिकचा एकेक भाग कापून, चिकटवून, रंगवून तिनं केलेल्या.

त्याची सुरुवात कशी झाली, हे आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही.

आमचं लग्न सत्त्याहत्तर सालचं. तेव्हा आम्ही हुबळीत, दाजीबानपेठेत राहायचो. खाली कापडाचं दुकान, वर घर. अप्पा म्हणजे माझे वडील, आई आणि आम्ही दोघं.

शालन निपाणीची. तिचा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला. त्यानं लग्नात तिला साडी नाही, एक बॉक्स दिला. परदेशातल्या कुठल्याशा बंदरावर घेतलेला मॉडेल किट. झाकणावर टप नसलेली लाल मोटार, आत प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले सुटे भाग.

आई म्हणाली, "पोरांचं खेळणं दिसतंय. ठेवून दे, पुढं उपयोगी पडंल."

शालननं तो ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला.

पुढच्या वर्षी आमचं पहिलं बाळ दिवस भरायच्या आधीच, आठव्या महिन्यात गेलं. मुलगा होता.

डॉक्टरांनी तिला विश्रांती सांगितली होती. पण घरी आली आणि तिचे हातपाय थांबेनात.

घासलेली भांडी परत घासायची. दुकानातले तागे उलगडून परत गुंडाळायची. संध्याकाळी म्हणायची, "चला, जाऊन येऊ." कुठं, ते तिलाही माहीत नसायचं. लॅमिंग्टन रोडवरून इतकी भराभरा चालायची की मला मागून पळावं लागायचं.

बाळाबद्दल आम्ही दोघंही एक शब्द बोलत नव्हतो. कसं बोलायचं तेच कळत नव्हतं.

एका दुपारी तिनं ट्रंक उपसली. तो बॉक्स काढला, दाढीचं ब्लेड घेतलं आणि जमिनीवर बसून भाग कापायला लागली.

आईला ते सहन झालं नाही.

"घरात काय झालंय आणि ही काय करालीय बघा! लोक काय म्हणतील?"

शालननं पुढचा भाग कापायला घेतला. मी दोघींच्या मध्ये नुसता उभा.

अप्पा जेवायला वर आले होते. ते सुनेशी फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र तिच्यासमोर उकिडवे बसले.

"हे दार उघडतं काय गं?"

"नाही अप्पा, चिकटवायचंय. उघडं ठेवू का बंद?"

अप्पांनी बराच विचार केला.

"उघडं ठेव. कुणाला आत बसायचं असंल."

मग उठले आणि आईला म्हणाले, "तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. मी सांगालोय."

दुसऱ्या दिवशी शालन मला म्हणाली, "अहो, लाल रंग पाहिजे."

एवढंच. पण कितीतरी दिवसांत तिनं काहीतरी मागितलं होतं! मी दुकान अप्पांवर टाकून जुनी हुबळी गाठली. तिथं ट्रकवर नावं रंगवणारा एक पेंटर होता.

"यार गाडी री?" त्यानं विचारलं. गाडी कुणाची?

"नन्न हेंडतीदु." म्हटलं, माझ्या बायकोची.

तो माझ्याकडे बघतच राहिला. गाडी केवढी म्हणाला. मी वीतभर हात करून दाखवला. शाईच्या दौतीत रंग भरून देताना सुद्धा तो हसत होता. मी पण हसलो. बाळ गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मोटार होत आली. शेवटी मागची चाकं राहिली. शालननं गोंद लावला आणि मला हाक मारली.

"एवढं धरा. सुकेपर्यंत हलायचं नाही."

मी धरलं. इवलंसं चाक, दोन बोटांत मावणारं. दोघं समोरासमोर बसलेलो. आणि मला एकदम रडू फुटलं. खांदे हलायला लागले, त्याबरोबर चाकही.

"अहो, हलू नका," ती म्हणाली.

मग तिनं बाहेरून माझे हात धरले. आणि ती पण रडायला लागली.

चाक कुणीच सोडलं नाही.

त्या दिवशी आम्ही बाळाबद्दल बोललो. त्याला जावळ किती दाट होतं, ते तिनं सांगितलं. मी बघितलंच नव्हतं.

चाक अर्थातच वाकडं बसलं. म्हटलं, काढून परत लाव. तर म्हणाली, "राहू दे हो. कुठं धारवाडला न्यायचीय?"

पुढं दोन मुली झाल्या, ऐंशीचं दशक सरत आलं, तरी तिची चुळबुळ काही गेली नाही. एक मोटार झाली की तिच्याकडं बघायचीही नाही, लगेच दुसरी उघडायची.

भावानं जहाज सोडलं आणि किट यायचे बंद झाले. मग मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागं लागायची. कुणाच्या पोरानं अर्धवट सोडलेले, भाग हरवलेले जुने किट हुडकून आणवायची. टायर नसतील तर कंपाउंडरकडून इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं. आणि मी तिचा कायमचा पकडून बसणारा माणूस.

आईनंच पुढं त्या मोटारींसाठी कपाट करून घेतलं. आल्यागेल्याला दाखवायची, "आमच्या सुनेनं केल्यात."

आता खाली माणसं आलीत. मुली हाका मारतायत. जातो.

शालन, सावकाश जा. मागचं मी बघतो.