कमलकाकूंचं मत

कार्यक्रम कसा झाला असं कमलकाकूंना विचारलं, की त्या आधी पदर खांद्यावर ओढून घेत आणि उलट विचारत, "तुला काय वाटलं?" समोरचं माणूस जे बोलेल ते सगळं शांतपणे ऐकून घेत, शेवटी "हां" म्हणत आणि चपला शोधायला लागत. त्या एका "हां"चा अर्थ लावण्यात आमच्या बहारीनच्या मराठी मंडळाचा पुढचा आठवडा जाई. काकूंनी "हां" लांबवला का, म्हणताना बघितलं कुणाकडे, शिरा संपवला की ताटलीत ठेवला, यावर माहूजपासून सीफपर्यंत फोन चालत. मंडळाचा अध्यक्ष कोण हे निवडणुकीत ठरायचं. तो कसा आहे, हे काकूंच्या स्वयंपाकघरात ठरायचं.

काकू सांगलीकडच्या. शिवाजीकाका तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन, आणि माहूजमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये शोकेसवर एक छोटी बुद्धमूर्ती, तिच्यासमोर रोज ताजं फूल. वाळवंटात ते फूल त्या कुठून पैदा करत, देव जाणे. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्यांचं दार उघडं असे आणि चहाचं आधण उतरत नसे. येणारी प्रत्येक बाई ओट्याला टेकून मंडळाबद्दल काहीतरी बोलून जाई. काकू स्वतः कमी बोलत. पण पुष्कळांचं ऐकून झालं, की त्याचा आटवून आटवून एका वाक्याचा खवा करत आणि ते वाक्य मग मंडळात चलनात येई. एका अध्यक्षांबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "मानूस चांगला हाय, पर सोताच्या भाषणात लई रमतो." त्या गृहस्थांचं पुढचं भाषण पाच मिनिटांत आटोपलं. दुसऱ्यांबद्दल म्हणाल्या, "हसत न्हाई, पर कामाचा हाय." त्यानंतर लोकांनी त्यांच्याकडून हसण्याची अपेक्षाच सोडली आणि मंडळाचं ते वर्ष फार सुखाचं गेलं.

त्यांना कमिटीत घ्यायचा प्रयत्न पुष्कळदा झाला. त्या हात झटकून टाकत. "मला नगो गं ती खुर्ची. खुर्चीत बसलं की मागं काय बोलत्यात ते ऐकू येत न्हाई." आणि नव्या अध्यक्षाबद्दल कुणी घाईने वाईट बोललं, तर त्यालाही गप्प करत. "नवा हाय, कळू दे जरा. पयला घाणा कुणी पावन्याला वाढतं का?"

आमच्या मंडळाला एक नियम आहे, तो ऐकून भारतातले लोक हसतात. इथे आखातात कुठल्याही नोकरीत पहिले तीन महिने प्रोबेशन असतं. मंडळ काढणारी सगळी माणसं नोकरदार. त्यांनी विचार केला, आपल्याला जे लागू ते अध्यक्षाला का नको? म्हणून आमचा अध्यक्षही तीन महिने कच्चा असतो. मग सभा भरते आणि सभासद हात वर करून त्याला कायम करतात. बरीच वर्षं हा नुसता उपचार होता. चहा गार व्हायच्या आत हात वर होत आणि खाली येत.

मी अध्यक्ष झाले तेव्हा मात्र तसं झालं नाही. मी सीफमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. दोन तालेवार उमेदवार एकमेकांना पाडण्यात गुंतले होते, त्यांच्या मधून मी निसटून निवडून आले. "अगं, गळ्यात पडलं" असं मी सगळ्यांना सांगत सुटले. पण मला ते पद मनापासून हवं होतं, आणि ते चांगलं निभावलं असं लोकांनी म्हणावं, हे तर त्याहून जास्त हवं होतं.

पहिलाच कार्यक्रम दिवाळीचा. दरवर्षी फराळ हॉटेलातून येई. मी मोठ्या उत्साहाने ते बंद केलं आणि जाहीर केलं, प्रत्येक घराने आपल्या हातचं काहीतरी आणायचं. काय आणायचं ते मी सांगितलं नाही. एकेक सुगरण पडलेली, त्यांना मी काय सांगणार? ठरल्या दिवशी हॉलमधल्या टेबलांवर डबे उघडायला लागले. पहिल्यात चिवडा. दुसऱ्यात चिवडा. पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, मक्याचा, लसणीचा, बिनलसणीचा. ड्युटीवरून आल्यावर पटकन होतो आणि टिकतो म्हणून प्रत्येकीने चिवडा केला होता, आणि लाडू-करंज्या दुसरी कुणीतरी करणारच, अशी प्रत्येकीची खात्री होती. गोड म्हणून एका घरचे शंकरपाळे मोठ्या आशेने उघडले, तर ते तिखटमिठाचे निघाले.

इनामदारसाहेब म्हणजे आमचे माजी अध्यक्ष, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, प्लॅनिंग एकदम मफी!" मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाहीच'. हशा पिकला. माझी मुलगी माझी बाही ओढत म्हणाली, "मम्मा, इट्स ओके, इट्स जस्ट चिवडा." मला रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात कमलकाकू उठल्या. "बगत काय बसलाय? यल्ला, चला, कांदा आना." पुरुषमंडळी समोरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, पळाली आणि कांदे, टोमॅटो, लिंबं, कोथिंबीर, दही, जे मिळेल ते घेऊन आली. बायका सुऱ्या शोधायला लागल्या. जवळ राहणारी एक जण घरी जाऊन पातेलंभर शिरा ढवळून घेऊन आली. सगळे चिवडे एकत्र करून त्याची भेळ झाली आणि तिच्यात तिखट किती, यावर नगरवाले आणि कोकणवाले यांची चांगलीच जुंपली. हॉलचा वॉचमन दोनदा दारात येऊन गेला, पण कुणी हलायला तयार नव्हतं.

तरी झाल्या गोष्टीचं नाव व्हायचं ते झालंच. ग्रुपवर तिला "चिवडा दिवाळी" म्हणू लागले. अर्ध्यांना वाटे मजा आली, अर्ध्यांना वाटे मंडळाची शोभा झाली. लिफ्टमध्ये कुणी मराठी माणूस भेटला, की "छान चाललंय हं तुमचं" म्हणे, आणि ते इतक्या घाईने म्हणे की मी एक मजला आधीच उतरून जाई. शेवटी मी काकूंच्या ओट्याला जाऊन टेकले. "काकू, माझं काम कसं चाललंय, खरं सांगा."

"तुला काय वाटतं?"

मी माझ्या चुका धडाधडा सांगितल्या. नियोजन नाही, अनुभव नाही, आवाज चढत नाही. काकूंनी सगळं ऐकलं, चहात आलं किसून टाकलं आणि म्हणाल्या, "हां."

जानेवारीत सभा भरली. बाहेर थंडी होती, आत माणसं स्वेटर घालून दाटीवाटीने बसली होती. नेहमी ओस पडणाऱ्या सभेला इतकी गर्दी बघून मी आणखी खुर्च्या मागवल्या. इनामदार उठले आणि अतिशय सभ्य भाषेत म्हणाले, की अध्यक्षांबद्दल आदर आहेच, पण प्रोबेशन आणखी तीन महिने वाढवावं. नोकरीत ज्याचं प्रोबेशन वाढतं, त्याच्याकडे लोक कसे बघतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग मागून आवाज आला.

"इनामदारसाहेब, तुमच्या येळंला हाटेलचा लाडू लई झ्याक हुता. खाल्ला आन् घरी गेलो. औंदा कांदा चिरता चिरता मी शेजारच्या बाईचं नाव इचारलं. इतकी वर्सं एका हालमधी बसतोय आमी, नाव ठावं नव्हतं."

काकू खाली बसल्या. इनामदार खळखळून हसले, आणि हे त्यांच्या मोठेपणाचं, की पहिला हात त्यांनीच वर केला. मग हातच हात. मी भरल्या डोळ्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिले. मान वर केली तेव्हा एकच हात खाली दिसला. कमलकाकूंचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते.

मी कायम झाले. ते वर्ष छान गेलं. पुढच्या दिवाळीला लाडूही आले, करंज्याही आल्या आणि लोकांनी हट्टाने भेळही केली. सगळं मनासारखं होतं, पण तो खाली राहिलेला हात मला सलत होता. विचारायचं धाडस झालं नाही, कारण उत्तर येईल याचीच भीती होती.

शिवाजीकाका रिटायर झाले, व्हिसा संपत आला, आणि काकू कायमच्या सांगलीला निघाल्या. दुपारचं विमान होतं. मी माहूजला पोचले तेव्हा बॅगा गाडीत गेल्या होत्या, काका पुढे बसले होते आणि काकू पार्किंगमध्ये शेजारणींचा निरोप घेत होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हटलं, "काकू, त्या सभेत तुम्ही माझ्या बाजूने बोललात. मग हात का नाही वर केलात?"

"तू केलावतास?"

"कोण, मी?"

"सभासद न्हवंस का तू? वर्गणी भरतीस न्हवं? मी तुझ्याकडंच बगत हुते. म्हटलं, हिनं केला की करीन. तू आपली बाटलीतलं पानी बगत बसलीस." त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा वर केला. "सगळ्या गावाला इचारत फिरलीस, माझं काम कसं, माझं काम कसं. जिला सोताचंच काम पसंत न्हाई, तिला मी कशी गं कायम करू?"

इतके महिने मी लोकांच्या चेहऱ्यांवरून स्वतःचे मार्क वाचत होते, आणि ही बाई मागच्या खुर्चीत बसून माझ्या एका हाताची वाट बघत होती. भर उन्हात, शेजारणी आणि वॉचमन बघत असताना, मी हात वर केला. अगदी सरळ, शाळेत करतात तसा.

काकूंनी पर्स गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि आपलाही हात वर केला. "मंजूर," त्या म्हणाल्या. "खलास."

"आगं यल्ला," काका आतून ओरडले, "इमान काय तुमची सभा संपायची वाट बगत न्हाई!"

काकू हसत गाडीत बसल्या. गाडी गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली, तरी माझा हात वरच होता.