सुभेदार आणि हेडऑफिसचा साहेब

आमच्या शेजारचे सुभेदार फोनवर कधी बसून बोलले नाहीत. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी रिंग वाजली की उठायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मगच "सुभेदार बोलतोय" म्हणायचे. चुकून लागलेल्या फोनलाही नाव, गाव, पेन्शनची बँक, सगळं सांगून मोकळे. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या.

मी त्यांच्या फ्रिजवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली होती : ओटीपी कुणालाही सांगू नये. ती ते रोज वाचायचे. तरी एका दुपारी कुणीतरी हिंदीत दरडावलं, "सुभेदारसाब, हेडऑफिस से बोल रहा हूँ," आणि ह्यांनी त्या चिठ्ठीसमोर उभं राहून क्रेडिट कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी, तोही दोनदा, खणखणीत आवाजात सांगितला. लाखभर रुपये उडाले.

"आवं, चिठ्ठी समोर होती ना?" मी जवळजवळ ओरडलोच.

"ती चोरांसाठी हाय. ह्यो साहेब हुता."

कार्ड बंद करवलं, पोलिसांत तक्रार दिली, बँकेत गेलो. तिथल्या अर्जात प्रश्न होता : ओटीपी कुणाला सांगितला का? मी हळूच म्हणालो, "नाही लिहा. नाहीतर सगळं बिल तुमच्याच गळ्यात." बिल भरायचं म्हणजे दोघांच्या विमानाच्या तिकिटांसाठी साठवलेले पैसे जाणार होते. मुलगी आसामात, तिला नुकताच मुलगा झालेला. तीन दिवसांची रेल्वे काकूंच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती.

"सांगितलाय, तर न्हाई कसं लिवू गड्या?" म्हणाले आणि वळणदार अक्षरात लिहिलं : होय, मीच सांगितला.

बँकेने अर्ज फेटाळला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. काकू मात्र मलाच समजावत होत्या, "फुडल्या वर्साला जाऊ की. नातू काय पळून जातुया व्हय?" तोवर ती दोघं नातवाला व्हिडिओ कॉलवर बघायची. काकू खुर्चीत, सुभेदार अर्थातच उभे.

पुढचं वर्ष सुभेदारांना मिळालं नाही. झोपेतच गेले. मुलगी पोराला घेऊन धावत आली, तेव्हा काकूंनी नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. सुभेदारांचं त्याला उचलून घेणं राहूनच गेलं. मला त्यांचा इतका राग आला होता की रडूही येईना. एक 'नाही' लिहिलं असतं, तर काय बिघडलं असतं या माणसाचं?