लाल टोपी आत जाते

ट्युनिसच्या रस्त्यावर लष्करी तळाच्या फाटकासमोर माझी कॉफीची टपरी आहे. आत कोण जातं हे मला पहारेकऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक. फुशारकी नाही, मी नुसता बघतो, आणि ते तेवढंही करत नाहीत.

गावचा पाववाला लझहर रोज सकाळी पांढऱ्या टेम्पोतून सैनिकांचे पाव घेऊन येतो. वळणावर त्याचा लांब भोंगा वाजला की हवालदार मुंजी आडवा दांडा वर करायचा, खिडकीतून एक गरम पाव उचलायचा आणि घरच्यांची खुशाली विचारायचा. झाली तपासणी. वडीलधाऱ्याकडे ओळखपत्र मागणं म्हणजे त्याला 'तू कोण रे' म्हणणं, असं मुंजीचं मत.

लझहरलाही यात कधी वावगं वाटलं नव्हतं. मग त्याचा एकुलता एक मुलगा वजदी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी नेमका याच तळावर आला, आणि लझहर कॉफी पिता पिता फाटकाकडे टक लावून बघू लागला. टेम्पोत पावच आहेत हे यांना कळतं कसं, असं त्याने मला एकदा विचारलं. मीही विचारात पडलो.

शेवटी त्याने बघायचंच ठरवलं. आपली रोजची लाल टोपी मेव्हण्याला घातली, त्याला टेम्पोवर बसवलं आणि स्वतः माझ्या टपरीत दडला. मेव्हणा म्हणजे काडी पैलवान, लझहरच्या निम्मा. भोंगा वाजला, दांडा वर गेला. मुंजीने पाव उचलला.

"काका, यंदा रमजान लवकर आला का? पार वाळलात."

मला हसू आवरेना. लझहर मात्र पांढराफटक पडला होता.

"माझं पोर आत झोपतं," तो म्हणाला. माझं हसू तिथंच विरलं.

त्याने जाऊन मुंजीला सगळं सांगितलं. मुंजी पोट धरून हसला. तुमचा मेव्हणा काय परका आहे का, म्हणाला.

काही दिवसांनी फाटकावर वजदीचीच पाळी लागली. भोंगा ऐकून त्यानेही सवयीने दांडा उचलला. लझहरने टेम्पो दांड्याअलीकडेच बंद केला. मागे एका कर्नलची गाडी येऊन थांबली.

"मला विचार, मी कोण."

"बाबा, लोक बघतायत. जा ना आत."

"उद्या ही टोपी घालून दुसराच आला तर?"

चौकीतून मुंजी ओरडला, सोड रे तुझ्या बापाला. पोराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग दांडा खाली केला.

"ओळखपत्र दाखवा."

लझहरने सगळे खिसे चाचपले. इतक्या वर्षांत कुणी मागितलंच नव्हतं. ते घरी बायकोच्या कपाटात पडलेलं.

"मग टेम्पो मागे घ्या," वजदी म्हणाला.

लझहर टपरीपाशी आला. आता म्हातारा भडकणार, असं मला वाटलं. त्याने एक पाव मोडून अर्धा मला दिला आणि कॉफी मागितली. घरी फोन करून कार्ड मागवू का, मी विचारलं.

"मागव. पण घाई नाही," तो म्हणाला. "जरा बघू दे मला."

समोर वजदी कर्नलला गाडीची डिकी उघडायला लावत होता.