गुळाचा पिट्ठू

फौजेच्या भरतीत माझी छाती सेंटिमीटरभर कमी भरली, आणि तेव्हापासून आमच्या भावकीत मी एकटाच बिगरफौजी. वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले, चुलतभाऊ अजून फौजेत, आणि मी शिराळ्यात लोकांच्या मोबाईलला काचा चिकटवतो. तरी गेल्या जत्रेला वीस किलो गूळ पाठीवर घेऊन डोंगर चढायची पाळी माझ्यावरच आली.

जत्रेला देवीच्या डोंगरावर मोठ्या काहिलीत गव्हाची खीर शिजते. तिच्यात पहिला गूळ आमच्या घरचा पडतो, हा आजोबांपासूनचा मान. दहा-दहा किलोचे दोन रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उंबऱ्यातून उचलायचे ते थेट देवळातच उतरवायचे. वाटेत भुईला टेकले की मान चुलत्याच्या घरी गेला. आता वरपर्यंत जीप जाते. काहिल, गॅसच्या टाक्या, म्हातारी माणसं, सगळं जीपनं जातं. गूळ जीपनं गेला तर देवीची काही हरकत नसावी, पण आमच्या भावकीची आहे.

वडिलांनी निवृत्त झाल्यावर खास ह्याच कामासाठी एक कोरा पिट्ठू घेतला होता. पिट्ठू म्हणजे फौजी पाठपिशवी. वर्षातून एकदा तो खुंटीवरून निघायचा, गूळ घेऊन डोंगर चढायचा आणि परत खुंटीला. एरवी कुणी त्याला हात लावायचा नाही. पण गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढ बंद केला.

"ह्योच घे," वडील म्हणाले.

मी बघितलं. पट्टे तीन-तीनदा शिवलेले, बक्कल गंजलेलं, रंग उडालेला. चुलतभाऊ सुट्टीवर आलेला, सगळा गाव बघणार, आणि मी हे गबाळं घालून चढू? मी सरळ सांगलीला गेलो.

दुकानदारानं भिंतभर पिट्ठू दाखवले. वडिलांनी निघताना बजावलं होतं, "शिवण वढून बघ, कंबरंचा पट्टा रुंद हाय का बघ, पाठीला गादी हाय का बघ." मी कप्पे मोजले. चौदा भरले. रंगही असा चट्ट्यापट्ट्याचा, की आरशात मला माझी छातीसुद्धा पुरेशी वाटली. घेतला.

जत्रेच्या सकाळी वडील खाटेवर बसून सांगत होते, "जड ते वर, पाठीला चिकटून. खाली चादरीची घडी घाल. आन् कंबरंचा पट्टा आवळ. भार कंबरंनं उचलायचा असतोय, खांद्यानं न्हाई." मी हो हो म्हणालो आणि दोन्ही रवे तळाला टाकले, कारण तिथं ते झकास बसत होते. चौदा कप्पे रिकामे कसे ठेवायचे? पाण्याच्या चार बाटल्या, पॉवर बँक, छत्री, बिस्किटं, सगळं कोंबलं. आणि कंबरपट्टा बांधला की पोट वर-खाली अशा दोन भागांत दिसायचं, म्हणून तो तसाच लोंबता ठेवला.

वडील जीपनं पुढं गेले. अर्ध्या डोंगरापर्यंत मी बरा होतो. मग खांदे बोलायला लागले. पिट्ठू मागं ओढत होता, मी पुढं वाकत होतो, घाम डोळ्यांत जात होता. मागून चुलतभाऊ रिकाम्या हातानं शीळ घालत येत होता. शेवटच्या चढावर देवळाचा कळस दिसला आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, एक व्हिडिओ होऊन जाऊ दे, स्टेटसला टाकू. फोन काढला, हात वर केला, कळस मागं यावा म्हणून गर्रकन वळलो.

पुढचं व्हिडिओत आहे. आधी माझं तोंड, मग आभाळ, मग माझेच दोन पाय. मी पिट्ठूवर उताणा पडलो होतो आणि काही केल्या उठता येत नव्हतं.

"टेकला की रं गड्या!" चुलतभाऊ हसून हसून खाली बसला.

"मी पडलोय, गूळ पाठीवरच हाय!" मी पडल्या पडल्या वाद घातला.

"आन् पाठ कशावर हाय?"

शेवटी त्यानंच हाताला धरून मला उठवलं आणि वर गेल्यावर सगळ्यांना सांगितलं. मनानं वाईट नाही तो, पण असली बातमी कोण पोटात ठेवेल?

खीर थांबली. भावकीतली पाच-सहा म्हातारी माणसं काहिलीभोवती जमली. मी पिट्ठू पाठीवर घेऊन तसाच उभा. उतरवू की नको, तेही कळेना. माझ्या हातून आजोबांचा मान चालला होता, आणि तोही एका स्टेटसपायी. खुर्चीत बसलेल्या वडिलांकडं बघायची माझी छाती होईना.

वडील काठी टेकत उठले. "आवं, त्यात काय येवढं? मी तर दरसाल टेकवत हुतो."

त्यांनी काठीनं खालच्या चढाकडं दाखवलं.

"त्या मोठ्या दगडाम्हागं. पिट्ठू खाली ठिवायचा, इडी वढायची, मग वर यायचं. तवा माझा गूळ चालला, मग पोराचा का न्हाई?"

"हवालदार, तुमीबी?" एक म्हातारा म्हणाला. दुसरा फिस्सकन हसला. मग सगळेच हसले. इतकी वर्षं देवी रागावली नाही, तर आता कशाला रागवेल, असं ठरलं आणि गूळ काहिलीत पडला. दिवसभर मात्र ज्याला-त्याला हवालदाराच्या विडीचीच चेष्टा करायची होती. येणारा-जाणारा विचारायचा, "हवालदार, दगड दाखवा की!" वडील मान खाली घालून खीर खात होते.

मला आत कुठंतरी गुदगुल्या होत होत्या. आयुष्यभर मला शिस्त शिकवणारा माणूस दगडामागं विड्या ओढत होता! घरी आल्यावर त्यांना चांगलं चिडवायचं म्हणून मी पुरावा आणायला आतल्या खोलीत गेलो. दगडावर दरसाल टेकवलेल्या पिट्ठूचं बूड झिजलेलं असणारच.

खुंटीवरून पिट्ठू काढला आणि उलटा केला. पट्टे तीनदा शिवलेले, पाठीची गादी घामानं पांढरी पडलेली. बूड मात्र कोरं. दुकानातला हिरवा रंग जसाच्या तसा, एक धागा निघालेला नव्हता.

मला रडू आलं. चांगलं हुंदक्यानं आलं.

"काय करतोयस रं आत?" बाहेरून वडील ओरडले.

"काय न्हाई आबा. पुढल्या साली ह्योच नेतो म्हणतोय."

"मग बक्कलाला त्याल घाल. आन् परत खुंटीला लाव, भुईला ठिवू नगंस."