पाचशे होईपर्यंत

दसऱ्याला नवऱ्यानं माझ्यासाठी स्कुटी घेतली आणि दहाव्या दिवशी तो गेला. शेतात कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीपाशी छातीत कळ आली, हिंगोलीला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. स्कुटीच्या मीटरवर तेव्हा बहात्तर किलोमीटर झाले होते. त्या दिवसातलं मला हेच नीट आठवतं. बाकी कोण आलं, कोण रडलं, मला कुणी धरून बसवलं, हे लोक सांगतात म्हणून खरं मानायचं.

माझी शाळा पुसेगावच्या पुढं, घरापासून चौदा किलोमीटरवर. लग्नापासून तोच मला मोटरसायकलवर सोडायचा. शेतीची कामं सोडून रोज दोन खेपा माराव्या लागायच्या, म्हणून ही स्कुटी. शोरूमवाल्यानं बजावलं होतं, पहिले पाचशे किलोमीटर गाडी रनिंगमध्ये असते. चाळीसच्या वर न्यायची नाही, डबलसीट नाही, लांबचा पल्ला नाही. पाचशे झाले की पहिली सर्व्हिसिंग, मग कशीही पळवा. दहा दिवस नवऱ्यानं मला गावाबाहेरच्या रस्त्यावर शिकवलं. मी एकदा चव्वेचाळीसवर नेली तर असा ओरडला, की मी दोन तास त्याच्याशी बोलले नाही. दोन तास वाया गेले, आता काय करता.

तेरवीच्या जेवणानंतर पुरुष मंडळी अंगणात बसली होती. माझ्याविषयी काय बोलावं हे कुणालाच सुचत नव्हतं. इंजिनाविषयी मात्र सगळ्यांना सुचत होतं. कुणी म्हणालं, नवं इंजिन घट्ट असतं, कुणी म्हणालं, पहिलं ऑइल लवकर बदला. माझा भाऊ परभणीकडून आला होता. त्यानं माहेरच्या गावच्या शाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तो म्हणाला, "आत्ताच एवढ्या लांब गाडी आणली तर इंजिन जाईल. पाचशे होऊ दे, सर्व्हिसिंग करून घे, मग मी टेम्पो सांगतो. सामान टेम्पोत, तू गाडीवर. इथं आता कुणासाठी राहायचं?"

मी हो म्हटलं. कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं.

मामा, म्हणजे माझे सासरे, तिथंच खांबाला टेकून बसले होते. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, आम्हाला मूलबाळ नाही. मी गेले की घरात ते एकटे. हे मला कळत होतं, पण पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तर जसं कळतं तसं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि मामांनी स्कुटी ताब्यात घेतली. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते गोऱ्हे शिकवण्याबद्दल. नवा गोऱ्हा आधी नुसतं लाकूड ओढायला लावायचा, मग रिकामी गाडी, मग थोडं ओझं. कच्च्या खांद्यावर भार टाकला तर जनावर जन्माचं बिघडतं, असं ते म्हणायचे. तेच शास्त्र त्यांनी स्कुटीला लावलं. वाटेत नरसीच्या फाट्याजवळ झाडाखाली पंधरा मिनिटं थांबायचंच, असा हुकूम निघाला. संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "इसावा घेतला का?" मला विचारतात की गाडीला, हे मी कधी विचारलं नाही. मी खरंच थांबायचे. झाडाखाली उभी राहून मीटरकडं बघायचे. एकशे चाळीस, दोनशे दहा. रडू येईल म्हणून वाट बघायचे, ते यायचं नाही. पंधरा मिनिटं झाली की निघायचे.

एकदा सकाळी शाळेत पोचले तर तिसरीची पोरं माझ्यामागं फिदीफिदी हसायला लागली. साडी मागून ओलीचिंब. संध्याकाळी घरी येऊन गाडी लावली, थोड्या वेळानं बघितलं, तर मामांनी सीटवर ओलं गोणपाट पसरलेलं. इंजिन सीटखाली असतं हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. "तापलं असंल," ते म्हणाले, "बैलाच्या अंगावर टाकतो तसं टाकलं." एरवी मी भांडले असते. माझी जीभ काही कमी नाही, हे सासरी येऊन महिनाभरात सगळ्यांना समजलं होतं. त्या दिवशी मी गोणपाट उचलून दोरीवर वाळत टाकलं आणि भाकरी करायला बसले.

पंधरा-सोळा दिवसांत पाचशे व्हायला हवे होते. झाले नाहीत. अमावस्येला मामा म्हणाले, "आज नवं जनावर जुपत न्हाईत." मी एसटीनं गेले. मग थंडी पडली, "इंजन आखडलं असंल, आज राहू दे." मग कुठं चाकात हवा कमी वाटली, कुठं आवाज वेगळा वाटला. भावाचा दर रविवारी फोन. "किती झाले?" तीनशे ऐंशी. "अजून?" त्याला वाटायचं मी शाळेला दांड्या मारते. म्हातारं माणूस आहे, पोराची शेवटची वस्तू जपतंय, असं समजून मी मात्र गप्प बसायचे. डोकं चालतच नव्हतं म्हणा ना.

शेवटी डिसेंबरात पाचशे झाले. मी स्कुटी घेऊन हिंगोलीला गेले. मामा म्हणाले, मीबी येतो. ते एसटीनं आले आणि डेपोपासून चालत माझ्याआधी गॅरेजात हजर. मेकॅनिकनं ऑइल काढलं, एक चक्कर मारून आला आणि खूश होऊन म्हणाला, "ताई, एक नंबर चालवली. इंजिन मोकळं झालं. आता खुशाल लांब न्या."

मी पलीकडच्या नळावर हात धुवायला गेले. परत आले तर मामा त्या मेकॅनिकला भिंतीपाशी घेऊन उभे. पाठमोरे होते, मी आलेली त्यांना दिसली नाही.

"अजून पाचशे हळू चालवा म्हणून सांगता का?" ते म्हणत होते. "तिच्यासमोर सांगा. मी सांगून ती ऐकणार न्हाई."

"काहून बाबा? गाडी चांगली झाली की."

"व्हय, चांगलीच हाय. तरी सांगा."

मग अमावस्या, थंडी, हवा, ओलं गोणपाट, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. आणि मला राग आला. दीड महिन्यात पहिल्यांदा काहीतरी आलं, तो राग होता. मी सगळ्यांदेखत ओरडले, "मामा, मला राहा म्हणायला तुमच्या तोंडाला काय झालंय? त्या मशिनीच्या आड काहून लपून राहिले?"

गॅरेजातली ठाकठूक थांबली. मामा वळले. खोटं बोलताना पकडलेल्या लेकरासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"कोणत्या तोंडानं म्हणू, माय?" ते म्हणाले. "ज्याच्यासाठी तुला या घरात आणलं, त्यालाच मला ठिवून घेता आलं न्हाई."

तिथंच, तेलकट फरशीवर, मी खाली बसले आणि रडले. बराच वेळ रडले. मेकॅनिकनं पाण्याची बाटली आणून दिली आणि दुसऱ्या गाडीकडं गेला. मामा माझ्याशेजारी उकिडवे बसून राहिले. उठल्यावर मी आधी भावाला फोन लावला आणि टेम्पो सांगू नकोस म्हणाले.