माशाचे डाग

सगळी गल्ली त्यांना ‘हसाजरा’ म्हणायची. फोटो काढण्यापूर्वी ते हेच दोन शब्द म्हणत, आणि तेही असे दरडावून, की हसणाऱ्याचं तोंड उतरायचं. पण हल्ली लोक मोबाईलवर आपलं आपणच हसून घेतात. त्यांच्या फोटो स्टुडिओत माशीसुद्धा फिरकत नव्हती. अशात मत्स्यालयाच्या प्रमुख बाईंनी बोलावलं. “आधी एका माशाचा फोटो द्या. जमला तर सगळ्या मत्स्यालयाचं काम तुमचं. नाहीतर आमचा शिपाई मोबाईलवर काढतोच.”

शिपाई! हसाजरांच्या अगदी जिव्हारी लागलं.

मासा चांगला परातीएवढा, पिवळाजर्द, अंगभर काळे ठिपके. हसाजरा सवयीने “मान जरा वर” म्हणाले आणि मग लक्षात आलं, की या गिऱ्हाइकाला मानच नाही. काच चार बोटं जाड. तिरकं उभं राहिलं की मासा पाण्यात विरघळल्यासारखा दिसे. समोर उभं राहिलं की माशाच्या पोटावर हसाजरांचं पोट. फ्लॅश मारला तर नुसता सूर्योदय.

“पांढरा शर्ट घालून आलात, दुसरं काय दिसणार?” बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती काळी चादर घेऊन सोबत आली आणि तिने कॅमेऱ्यासकट नवऱ्याला झाकून टाकलं.

“अगं, श्वास तरी घेऊ दे!”

“मासा घेतोय ना पाण्यात? मग गप उभे राहा.”

लोक जमले. एका चिमुरडीने विचारलं, “आई, यात कुठला प्राणी आहे?”

आत प्राण्याने लेन्स काचेला सरळ टेकवली. मासा आला, थबकला, आणि फोटो निघाला. असा की खवला न् खवला दिसावा! घरी येऊन हसाजरा कॉम्प्युटरपुढे बसले आणि आयुष्यभर नवऱ्या मुलींचं जे करत आले, तेच त्यांनी माशाचं केलं.

नवरा-बायको फोटो घेऊन गेली, तेव्हा बाई त्याकडे बघतच राहिल्या. “सुंदर आहे. पण हा मासा कोण?”

“तुमचाच की!”

“अहो, आमचा मासा ठिपक्यांवरूनच ओळखतात. ठिपके कुठे गेले?”

“काढले ना,” हसाजरा अभिमानाने म्हणाले. “गालावर तर फारच होते. रंगही थोडा उजळलाय.”

बाईंनी कपाळाला हात लावला. आता कुठे हसाजरांच्या डोक्यात प्रकाश पडला. “मूळचा फोटो यात आहे,” असं पुटपुटत त्यांनी कॅमेरा पुढे केला. बाई पडद्यावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच. मग त्यांनी शिपायाला हाक मारली. संपलं, हसाजरांनी मनात म्हटलं.

“या काकांना सगळ्या टाक्या दाखव,” बाई शिपायाला म्हणाल्या आणि हसाजरांकडे वळल्या. “काम तुमचं. अट एकच. कुणाला गोरं करायचं नाही.”

परत जाताना हसाजरांचे पाय जमिनीवर नव्हते. बायको मात्र पाय आपटत चालली होती.

“अगं, काम मिळालं आपल्याला!”

“मिळालं हो. पण आपल्या लग्नाच्या अल्बममधून माझ्या हनुवटीवरचा तीळ कुठे गेला, ते आज कळलं.”